बाकी

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख
त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.
एका दमात म्हणून बघा.
हेल्वे म्हणते तिच्या भाषेत, राईचा पाव कापता कापता,
आणि शेवटच्या साताला सुरी पाटावर टेकते.

सारेमा बेटावरच्या बंदरात, पत्र्याच्या खोलीत,
समुद्राची पातळी मोजणारं हिरवं यंत्र होतं.
ते सेकंदही मोजायचं,
एकोणीसशे सत्तरच्या पहिल्या ठोक्यापासूनचे, न चुकता.
आर्वोनं हौसेनं त्याला बत्तीस दिवे जोडले:
पेटला की एक, विझला की शून्य.
जायच्या आदल्या वर्षी, मासा साफ करत, तो म्हणाला होता,
"अडतीस सालच्या जानेवारीत, एकोणीस तारखेला,
पहाटे पाच चौदा आणि वर सात सेकंद,
एकतीस दिवे एकदम पेटलेले असतील.
त्यापुढे त्याला मोजता येत नाही."

ती संख्या मूळ आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.
हेल्वेला होतं. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं.
पण ठाऊक म्हणजे पुस्तकातून.
म्हणून तिनं वही काढली.

ही संख्या दारात कुणालाही उभं करत नाही.
वर्गमूळ शेहेचाळीस हजार तीनशे चाळीस आणि थोडं;
त्याच्या आत, दोनशे अठ्ठेचाळीसच्या पटीत
एक मिळवून येणारे, नाहीतर त्रेसष्ट मिळवून,
एवढ्यांनाच विचारायचा हक्क.
असे तीनशे बहात्तर.
त्यातले आधीच फुटलेले वगळायचे
(दोनशे एकोणपन्नास, म्हणजे तीन त्र्याऐंशी)
की उरतात ऐंशीच्या घरात.
रोज एक. न्याहारीनंतर. पेन्सिलीनं.

३११. बाकी पस्तीस.
(आपल्याकडे एवढ्यावर पास करतात.)
१३०३. बाकी दोनशे सव्वीस.
१४८९. बाकी एकशे नव्व्याण्णव, दोनदा तपासून.

बंदरातला तावी हसतो,
"फोन पापणी लवायच्या आत सांगेल.
अडीचशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय, हेल्वे."
"मग ते फोनला कळलं. मला कुठे?"

टालिनहून बहीण विचारते,
एकटीचं भागतं का गं?
भागतं, ती म्हणते.
फोन ठेवते, आणि वहीत लिहिते:
भागत नाही.

त्या क्षणानंतर काय, हेही तिनं काढून ठेवलंय.
आणखी एक सेकंद,
आणि एकतीसच्या एकतीस विझतील,
फक्त डावीकडचा, कधीच न पेटलेला, पेटेल.
यंत्राला वाटेल एकोणीसशे एक साल आहे, डिसेंबर आहे,
बंदर बांधायचंय, आर्वो जन्मायचाय.
जिला एकही भाजक शिवला नाही
तिच्या अगदी शेजारी बसलेली असते
मुकाट अर्धी अर्धी होत जाणारी,
एकतीस वेळा, एक उरेपर्यंत.
शेजार असा असतो.

ऑक्टोबरात नवं यंत्र आलं. त्याला असली हद्द नाही.
जुनं तावीनं ढकलगाडीतून तिच्या स्वयंपाकघरात आणलं,
तार जोडली, म्हणाला,
"घड्याळ पुढे सरकवू? आत्ताच दाखवतो सगळे पेटलेले."
"नको. येऊ दे चालत."

आता फडताळाशेजारी उजवीकडचा दिवा
दर सेकंदाला उघडझाप करतो,
त्याच्या शेजारचा जरा दमानं,
पुढचे त्याहून सावकाश; काही तर
ती रात्री उठून बघते तेव्हाही तसेच.
डावीकडून दुसरा
दोन हजार चारच्या जानेवारीपासून पेटलेला आहे.
शनिवार होता. साडेतीनलाच अंधारून आलेलं.
आर्वोनं तिला तसंच, पीठ लागलेल्या हातांनी,
बर्फातून ओढत नेलं होतं:
चल, चल, हा पुन्हा असा पेटायचा नाही.

तो अजून विझलेला नाही.
तिनं चहा ओतला. वही उघडली. आजचा भाजक मांडला,
खाली रेघ ओढली.

बाकी आहे.